एका चौकटीत तीन पिढ्या: पेडण्यातल्या पदकांच्या दाव्याची तपासणी

पेडणे तालुक्यातल्या एका मराठा घरात पावसाळ्याच्या तोंडावर काचेची एक चौकट आली. आत काळ्या मखमलीवर तीन लष्करी पदकं, खाली घराण्याच्या आडनावाची पितळी पट्टी आणि मागच्या बाजूला चिकटवलेला टाइप केलेला कागद. कागदावरचा दावा असा: या घराण्याच्या तीन पिढ्या एकाच पलटणीत लढल्या. पहिली पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुटच्या वेढ्यात होती, दुसरी दुसऱ्या महायुद्धात आणि तिसरी डिसेंबर १९६१ मध्ये स्वतःचाच गोवा मुक्त करायला आली.

१९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाला ही चौकट गावच्या व्यासपीठावर ठेवायची आणि घरच्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असं कार्यक्रम समितीने ठरवून टाकलं होतं. मधल्या काळात घरातल्या एका मुलाने फोटो इंटरनेटवर टाकले आणि परदेशातल्या एका संग्राहकाने तिन्ही पदकांना घसघशीत रक्कम देऊ केली. घरातले कर्ते गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना इथे मास्तर म्हणतो. चौकट काखोटीला मारून ते माझ्याकडे आले ते या दोन्ही गोष्टी घडायच्या आत खात्री करून घ्यायला. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे कुणाचंही नाव, गाव किंवा पलटणीतला नंबर इथे देत नाही.

हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरीत जुनी मातीची घरं पाडून नवी बांधायचं काम जोरात आहे, आणि माळ्यावरच्या पेट्या-ट्रंकांतून अशी पदकं बाहेर पडत आहेत. बरीचशी तांब्या-पितळेच्या भावाने वजनावर जातात. जी वाचतात त्यांना कुणीतरी गोष्ट चिकटवून देतं.

चौकट कशी तयार झाली

मास्तरांच्या पुतण्याने जुनं घर पाडताना एक ट्रंक भांड्यांसकट भंगारात दिली. त्यात एक पिवळं पदक होतं. भंगारवाल्याकडून ते म्हापशातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे पोचलं. पुतण्याला उशिरा कळलं आणि तो परत मागायला गेला, तेव्हा एका पदकाऐवजी तीन पदकांची तयार चौकट समोर आली. "तुमच्याच घराण्याची आहेत, शोधून एकत्र केली," असं सांगून व्यापाऱ्याने तिची किंमतही तशीच लावली. पुतण्याने ती मोजली. आजोबांची वस्तू आपल्या हातून गेली ही बोच होतीच.

मास्तरांना पहिल्यापासून शंका होती. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "आमच्या घरातलो पलटणीत गेल्लो तो आजोच एकटो." १९६१ साली ते स्वतः मराठी शाळेत शिकत होते आणि घरात त्यांच्याहून मोठा असा त्या पिढीतला मुलगा कुणी नव्हता. मधल्या पिढीतले त्यांचे वडील मुंबईत गिरणीत होते. पण तरुण मंडळी म्हणत होती की चुलत घरातलं कुणी असेल, कागदावर लिहिलंय ते उगाच का लिहिलं असेल.

त्या कागदाबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्यावरचं जवळपास प्रत्येक सुटं विधान खरं आहे. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री खरोखरच कुटमध्ये अडकली होती. १९२२ च्या फेररचनेत तीच ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ३ री बटालियन झाली, आणि याच ३/५ मराठाचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वातंत्र्यानंतर हीच बटालियन पॅराशूट रेजिमेंटची २ पॅरा (मराठा) झाली आणि १८ डिसेंबर १९६१ ला ५० व्या पॅरा ब्रिगेडच्या पूर्वेकडच्या तुकडीतून फोंड्याच्या दिशेने पुढे सरकली. एका पलटणीची ही सलग वंशावळ आहे आणि ती अभिमानाने सांगावी अशीच आहे. प्रश्न होता तो तिच्यात पेडण्याचं हे घर कुठे बसतं याचा.

पहिलं पदक: कड काय सांगते

ट्रंकेतून निघालेलं पिवळं पदक म्हणजे पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल. ३६ मिलिमीटर व्यासाचं, काशाचं, एका अंगाला पंख पसरलेली विजयदेवता, दुसऱ्या अंगाला इंग्रजीत 'द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन १९१४-१९१९' अशी अक्षरं. रिबन दोन इंद्रधनुष्यं पाठीला पाठ लावून ठेवावीत तशी, मधोमध लाल. या पदकाचं मोठेपण त्याच्या कडेत असतं. ब्रिटिश सरकारने पहिल्या महायुद्धाची पदकं देताना कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकून दिली. एकट्या मेसोपोटेमियात लाखो हिंदी माणसं पाठवली गेली. त्यांतल्या बहुतेकांसाठी घरात उरलेला एकमेव सरकारी पुरावा म्हणजे ही दीडेक ओळ.

चौकट उघडली तेव्हा कड वाचता येत होती, पण जेमतेम. मास्तरांच्या घरात खंडेनवमीला तलवार, कोयता आणि नांगराच्या फाळाबरोबर हे पदकही पाटावर मांडायचे आणि त्याआधी चिंचेने लख्ख घासायचे. दरवर्षीच्या त्या घासण्याने ठोकलेली अक्षरं झिजून उथळ झाली होती. विजयदेवतेच्या पंखांच्या खाचांत भिंगाखाली लाल कण दिसले. ते कुंकू होतं. भंगार, व्यापारी, चौकट असा प्रवास होऊनही ते तिथे टिकलं होतं. पदक याच घरातलं आहे याचा माझ्या दृष्टीने हा फार मोलाचा दुवा ठरला, म्हणून ते मी साफ केलं नाही आणि घरच्यांनाही करू दिलं नाही.

झिजलेली कड वाचायची पद्धत सोपी आहे, फक्त सबुरी हवी. खोलीत अंधार करायचा, पदक पांढऱ्या कागदावर उभं धरायचं आणि मोबाइलची बत्ती अगदी तिरपी, कडेला जवळजवळ टेकवून टाकायची. समोरून पडलेल्या उजेडात अक्षरं सपाट दिसतात. तिरप्या उजेडात उथळ खाचेलासुद्धा सावली पडते. पदक थोडं थोडं फिरवत दहापट भिंगातून फोटो घ्यायचे आणि मग ते मोठे करून एकेक अक्षर वेगळं पाहायचं. घाई झाली की डोळा आपल्याला हवं तेच वाचतो.

व्यापाऱ्याच्या कागदावर पलटण ११० वी होती. फोटोंत पहिले दोन एक स्वच्छ होते, तिसरा आकडा झिजलेला. शून्य असता तर उजवी बाजू गोलाईने वळली असती. इथे उजवीकडची रेघ वरपासून खालपर्यंत सरळ उभी होती आणि तिला खालच्या तिसऱ्या भागात एक आडवी खूण छेदत होती. शिपायाच्या नंबरातही सुदैवाने एक चार होता, त्याच ठशाचा आणि कमी झिजलेला. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले तेव्हा उभी रेघ आणि आडवी खूण तंतोतंत जुळली. आकडा ११४ होता.

जोडीला एक छोटा पुरावा होता. ११० व्या पलटणीच्या नावात 'मराठा लाइट इन्फन्ट्री' असे शब्द होते, तर ११४ वी नुसती 'मराठाज' होती. कडेवर पलटणीच्या आकड्यापुढे 'लाइट इन्फन्ट्री'चं कुठलंही अक्षर नव्हतं. कडेवरची नावं जागेअभावी तोडून-मोडून ठोकलेली असतात, म्हणून एवढ्यावर मी निकाल दिला नसता. पण आकड्याच्या जोडीला ते बसत होतं.

नसलेला तारा

पलटण बदलली म्हणजे कुट आपोआप गेलं का? कागदावर हो, पण घरच्यांना ते पटवून देणं गरजेचं होतं, कारण कुटची गोष्ट आता त्यांच्या बोलण्यात रुजली होती. त्यात नवलही नाही. जनरल टाउनशेंडची ६ वी पूना डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून कुटमध्ये वेढली गेली आणि सुमारे पावणेपाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ ला तिने शरणागती पत्करली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, हिंदी शिपायांपैकी अनेकांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, स्कर्वीने माणसं खंगली, विमानातून धान्याची पोती टाकायची वेळ आली. कैद झालेल्या हिंदी शिपायांना पुढे रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं आणि त्यांतले कितीतरी परत आले नाहीत. कोकणातली, देशावरची मराठी पोरं यात होती. ही गोष्ट आपल्या आजोबांची असावी असं कुणालाही वाटेल.

इथे पदकांचं शास्त्र मदतीला येतं. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत युद्धभूमीवर पोचलेल्या शिपायाला साधारणपणे आणखी एक पदक मिळे: १९१४-१५ चा तारा. काशाचा, चार टोकांचा, मध्ये दोन तलवारी आडव्या. कुटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, म्हणजे वेढ्यातला प्रत्येक माणूस त्याआधीच मेसोपोटेमियात होता. तेव्हा कुटमध्ये असलेल्या शिपायाला तारा, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल अशी तीन पदकं मिळायला हवीत. दोनच असतील तर तो माणूस १९१६ मध्ये किंवा नंतर गेला असं धरावं लागतं.

मास्तरांना मी कुटबद्दल एक शब्दही न बोलता विचारलं की आजोबांची पदकं एकूण किती होती. त्यांनी विचार न करता सांगितलं, दोन. एक पिवळं, एक रुपेरी. रुपेरी म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, अस्सल चांदीचं, सुमारे पावणेतीन तोळ्यांचं. ते मास्तरांच्या मोठ्या बहिणीच्या बारशाला मोडलं आणि त्याचे वाळे केले. घराघरांत हेच झालेलं दिसतं. चांदीचं पदक सोनाराकडे गेलं, काशाला भाव नव्हता म्हणून ते उरलं. पण ताराही काशाचाच असतो. तो कुणी मोडला नसता, त्याचे वाळे झाले नसते. ट्रंकेत व्हिक्टरी मेडल राहिलं तसा तारा राहायला काहीच हरकत नव्हती.

तरीही पोरांनी खेळताना हरवला असेल, ही पळवाट उरत होती. ती बंद केली एका फोटोने. मास्तरांच्या आतेकडे, सावंतवाडीला, आजोबांचा स्टुडिओत काढलेला फोटो निघाला: बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, छातीवर दोन पदकं. दोन्ही गोल. पदकं लावून मुद्दाम फोटोला बसलेला माणूस मिळालेला तारा घरी ठेवून येत नाही.

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या याद्या आणि कार्डं ऑनलाइन उपलब्ध करून दिली आहेत. तिथेही शोध घेतला, जुळणारं नाव मिळालं नाही. पण नाव न मिळणं याला मी पुरावा मानत नाही आणि इतरांनीही मानू नये. तुर्कस्तानातल्या हिंदी कैद्यांच्या नोंदी मुळात अपुऱ्या, त्यात हिंदी नावांचं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर.

माणूस तोच कशावरून

कडेवरचं नाव आजोबांच्या नावाशी जुळत होतं, पण त्या नाव-आडनावाची माणसं सावंतवाडी संस्थानात आणि पेडण्यात शेकड्यांनी असतील. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, नव्या काबिजादीत, म्हणजे त्यांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात. त्याआधी ते सावंत-भोसल्यांचं. हद्द आखली तरी सोयरीक, देव आणि बाजार तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर एकच राहिले. पलीकडे सावंतवाडीचे बापूसाहेब महाराज स्वतः पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले होते. अशा मुलखात पोर्तुगीज हद्दीतला एखादा पोरगा मामाच्या गावचा पत्ता देऊन ब्रिटिशांच्या पलटणीत भरती झाला, तर त्यात अडचण काही नव्हती. मास्तरांच्या घरात आजोबा पेन्शन आणायला सावंतवाडीला चालत जायचे ही आठवण आहेच.

कागदी आधार मात्र पोर्तुगीज दफ्तराने दिला. मास्तरांच्या वडिलांचा जन्म युद्धानंतरचा, गोव्यात नागरी नोंदणी सुरू झाल्यानंतरचा. त्या जन्मनोंदीची नक्कल काढली. बापाचं नाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं होतं. ज्या दफ्तरात प्रभूंचे 'पोरोबो' आणि शेणव्यांचे 'सिनाय' होतात, तिथे ते तसंच असणार. पण व्यवसायाच्या रकान्यात आजूबाजूच्या नोंदींप्रमाणे शेतकरी नव्हतं, सैनिक होतं. गोव्यात घराण्याचा शोध घेणाऱ्यांनी हे दफ्तर कधीही वगळू नये. ब्रिटिश हद्दीतल्या कोकणात त्या काळच्या साध्या शिपायाची अशी नोंद हाताला लागणं महाकठीण. पंजाबातल्या सुमारे ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदवह्या लाहोर संग्रहालयात जपल्या गेल्या आणि २०२१ पासून त्या ऑनलाइन येऊ लागल्या. मराठा पलटणींच्या शिपायांना तसं भाग्य लाभलेलं नाही. आपल्याकडे गावच्या चावडीवर किंवा देवळाजवळ संगमरवरी पाटी असते, 'या गावातून इतके गेले, इतके कामी आले', आणि नाव एकाचंही नसतं. बसऱ्याच्या स्मारकावरही दगडात नावं कोरली ती ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साधे हिंदी शिपाई तिथे फक्त आकड्याने मोजले गेले. मला हे दरवेळी नव्याने खुपतं.

तेव्हा निष्कर्ष असा काढला: नाव, कुंकू, दोन पदकांची आठवण, फोटो आणि जन्मनोंद एकाच दिशेला बोट दाखवतात. हे पदक मास्तरांच्या आजोबांचं, आणि ते ११४ व्या मराठाचे शिपाई.

११४ वी पलटण १७ व्या डिव्हिजनच्या ३४ व्या ब्रिगेडमध्ये होती. ऑक्टोबर १९१८ च्या शेवटी मोसुलच्या वाटेवर, तैग्रिसकाठी शर्कातला झालेल्या लढाईत या पलटणीने जे केलं ते रेजिमेंटच्या इतिहासात मानाने नोंदलेलं आहे. ३० ऑक्टोबरला तिथली तुर्की फौज शरण आली, त्याच दिवशी मुद्रोस बंदरात तुर्कस्तानबरोबरच्या युद्धबंदीवर सह्या झाल्या. १९२२ मध्ये ११४ वी प्रशिक्षण बटालियन झाली आणि बेळगावला स्थिरावली. आज मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावलाच आहे. हे ऐकल्यावर मास्तर पहिल्यांदा मोकळे झाले. आजोबा गोष्ट सांगताना 'बेळगांवचो साहेब' असा कुणाचा तरी उल्लेख करायचे आणि त्याचा कुटशी संबंध लागत नव्हता, असं ते म्हणाले. आजोबा प्रत्यक्ष शर्कातला होते असं मी कुठेही लिहू दिलं नाही. कड पलटण सांगते, तारखा सांगत नाही.

उरलेली दोन

मधल्या पिढीच्या नावावर ठेवलेला १९३९-४५ चा तारा पाच मिनिटांत निकालात निघाला. तो ओतीव होता. अस्सल तारा ठशाने दाबून काढलेला असतो, अक्षरांच्या कडा धारदार असतात. याची पाठ बारीक छिद्रांनी भरलेली, मुकुटावरची नक्षी साबणासारखी गुळगुळीत. गडद निळा, लाल आणि फिकट निळा ही रिबन जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली लखलखली, म्हणजे धागा आधुनिक. छावणीच्या गावांत दुकानातून अशा प्रती मिळतात. खरी पदकं हरवलेले जुने फौजी त्या उघडपणे विकत घेऊन संचलनात लावतात, त्यात गैर काही नाही. पण मागे कोरा असलेला नकली तारा एखाद्या गिरणी कामगाराच्या नावावर चढवणं ही त्या कामगाराचीही विटंबना आहे. मुंबईत राबून ज्याने घर उभं केलं त्याला उसन्या पदकाची गरज नाही, असं मी घरच्यांना सांगितलं आणि ते त्यांना लगेच पटलं.

तिसरं पदक मात्र अस्सल होतं, आणि माझ्या मते चौकटीतली सर्वांत गंभीर बाब तीच होती.

जनरल सर्व्हिस मेडल १९४७. एका अंगाला म्यानातली भवानी तलवार, भोवती तेजोवलय. दुसऱ्या अंगाला कमळ. लाल रिबनवर हिरव्या रेघा आणि रिबनवर 'गोवा १९६१' असा क्लास्प, म्हणजे मोहिमेचं नाव असलेली धातूची पट्टी. पदकाचा घाट, क्लास्पची जोडणी, कडेवरचा ठसा, सगळं जसं हवं तसं. कडेवर नंबर, लान्स नाईक हा हुद्दा, नाव आणि पॅराशूट रेजिमेंट. नाव घराण्यातल्या कुणाचंही नव्हतं. आडनाव तेवढं गोव्यात आणि साताऱ्यात दोन्हीकडे सापडणारं, आणि चौकट जमवणाऱ्याला तेवढं पुरलं.

समितीतल्या मंडळींनी इथे जोर लावला. कुटचं जाऊ द्या, तारा काढून टाका, पण गोवा मुक्तीचं पदक मुक्तिदिनाला गोव्याच्या व्यासपीठावर असायलाच हवं, नाव कोण वाचणार, असं त्यांचं म्हणणं. भावना मी समजू शकतो. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या ती जागा याच तालुक्यात. इथल्या माणसाला १९६१ ही तारीख पुस्तकातून शिकावी लागत नाही. पण त्या कडेवर एका माणसाचं नाव होतं. तो माणूस दोडामार्गाकडून आत शिरलेल्या ब्रिगेडमधला, बहुधा फोंड्याकडे गेलेल्या मराठा तुकडीतला. गोवा त्याचं देणं लागतो. त्याचं पदक दुसऱ्याच्या छातीवर लावून आपण मुक्तिदिन साजरा करायचा, हे मला कुठल्याच हिशेबात बसवता आलं नाही, आणि मी तसं बैठकीत उभं राहून सांगितलं. मास्तर माझ्या बाजूने बोलले. त्यांच्या शब्दाला गावात मान आहे, त्यामुळे वाद तिथेच थांबला.

अशा वेळी शिपायाचा पत्ता स्वतः हुडकत फिरू नये. पदकाच्या चारी बाजूंचे आणि कडेचे फोटो, नंबर आणि ते हाती कसं आलं याची हकीकत लिहून मास्तरांच्या सहीने पॅराशूट रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं. विनंती एकच: पत्ता आम्हाला देऊ नका, आमचं पत्र त्यांच्या वारसांपर्यंत पोचवा. रेकॉर्ड ऑफिस अनोळखी माणसाला खासगी माहिती देत नाही, देऊही नये. आपलं पत्र पुढे धाडायला मात्र त्यांना अडचण नसते.

परदेशी संग्राहकाचा प्रश्न त्या मानाने सरळ होता. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं १९२० च्या सुमारास आणि नंतर वाटली गेली, म्हणजे त्यांनी शंभरी गाठली आहे. एखादी वस्तू त्या कायद्यात बसते की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवतं, पण त्यांना न विचारता पदक पाकिटात घालून टपालात टाकणं हा सरळसरळ धोका आहे. घरच्यांनी नकार कळवला. कायदा नसता तरी कळवला असता, असं पुतण्या म्हणाला, आणि त्याच्यावर माझा विश्वास आहे.

काय झालं

मुक्तिदिनाला व्यासपीठावर एकच पदक होतं, व्हिक्टरी मेडल, आणि शेजारी आजोबांचा फोटो. खाली मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली चार ओळींची माहिती: नाव, ११४ वी मराठाज, मेसोपोटेमिया, आणि दुसरं पदक चांदीचं होतं ते कसं मोडलं. वाळ्यांची ओळ काढून टाकावी असं कुणीतरी सुचवलं होतं. मास्तरांनी ती ठेवली. माझ्याही मते ती हवीच होती, कारण पुढे कुणी विचारेल की जोडीतलं एकच का, तर उत्तर तिथेच आहे. सत्कार झाला तो या एका शिपायाचा.

लान्स नाईकांच्या मुलाचा फोन उन्हाळ्याच्या सुरुवातीला आला. सातारा जिल्ह्यातले. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा घरातली जुनी पेटी भंगारात गेली होती. ते मुलाला घेऊन आंबोलीमार्गे आले आणि वडिलांचं डिस्चार्ज बुक सोबत आणलं. पदकांच्या पानावर शाईने 'जनरल सर्व्हिस मेडल, क्लास्प गोवा १९६१' अशी नोंद होती आणि नंबर कडेवरच्या नंबराशी अंकन् अंक जुळत होता. मास्तरांनी पदक त्यांच्या हातात दिलं, पैसे घेतले नाहीत. दुपारी सगळे मिळून फोंड्याला गेले, कारण वडील आयुष्यभर त्या एकाच गावाचं नाव घ्यायचे असं मुलगा सांगत होता.

नकली तारा माझ्याकडे आहे. नव्याने संग्रह करणाऱ्या मुलांच्या हातात अस्सल आणि नकली शेजारी शेजारी देतो, फोटोंपेक्षा लवकर समजतं. ११४ व्या पलटणीची युद्धरोजनिशी लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे. तीत साध्या शिपायांची नावं क्वचितच येतात, पण नव्या भरतीच्या तुकड्या कधी येऊन मिळाल्या याच्या तारखा असतात. मास्तरांचा नातू इंग्लंडमध्ये शिकायला निघाला आहे. कोणते महिने आधी पाहायचे याची यादी मी त्याला करून दिली आहे.